धरण लहान करताना

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात गोसीखुर्द धरणाचे पाच दरवाजे ठेवलेले असत. पुठ्ठ्याचे, सुटे, प्रत्येक तुकड्यावर शाईने नंबर टाकलेला. दरवर्षी विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की मुलं पेटी उघडायची, नंबर बघून तुकडे जोडायची आणि प्रदर्शन संपलं की पुन्हा सुटे करून आत ठेवायची.

मी भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यात विज्ञान शिकवत होतो. २२ एप्रिल १९८८ रोजी तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते या प्रकल्पाचं भूमिपूजन झालं, त्या वेळी मी नोकरीत अगदी नवा होतो. पुढे वैनगंगेवर धरणाचं बांधकाम दिसू लागलं, तशी मुलं विचारू लागली. तेव्हा हा संच तयार केला. प्रमाण धरलं होतं १:१००. म्हणजे धरणावरचं एक मीटर, ते आमच्या पुठ्ठ्यावर एक सेंटिमीटर. धरणाचा एक दरवाजा १८.३ मीटर रुंद आणि १६.५ मीटर उंच आहे. आमचा झाला १८.३ सेंटिमीटर रुंद आणि १६.५ सेंटिमीटर उंच. हिशेब सोपा, मुलांना लगेच समजणारा.

बरीच वर्षं हे सुखानं चाललं. मग ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला मोठा पूर आला. भंडारा शहरात पाणी शिरलं, खाली ब्रह्मपुरी आणि गडचिरोलीकडे गावंच्या गावं वेढली गेली, आणि धरणाचे सगळे म्हणजे ३३ दरवाजे उघडावे लागले. कोरोनामुळे तेव्हा शाळा बंद होत्या. त्या पुन्हा भरल्या तेव्हा मुलांनी पेटी उघडली आणि एकानं विचारलं, "सर, पाचच का? उघडले होते तेहतीस."

प्रश्न रास्त होता. पण १:१०० च्या मापानं ३३ दरवाजे नुसते एकाला एक चिकटून ठेवले, तरी सहा मीटरच्या वर जातात. मधले खांब वेगळेच. आमची वर्गखोली वीस फुटांची, म्हणजे जेमतेम सहा मीटर. धरण खोलीत मावेना. तेव्हा ठरलं, की संच लहान करायचा. १:१०० चा १:४०० करायचा. वाटलं, त्यात काय, सगळं चारानं भागायचं. दोन दिवसांचं काम. ते दोन महिने चाललं. त्या दोन महिन्यांत मी जे शिकलो, तेच आज सांगणार आहे.

आधी प्रमाण म्हणजे काय, ते थोडक्यात. विमानांच्या, आगगाड्यांच्या प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचे संच मिळतात. ते जोडून प्रतिकृती करण्याचा छंद अनेकांना असतो. खोक्यावर १:७२, १:४८ असे आकडे छापलेले असतात. १:७२ म्हणजे खऱ्या वस्तूचे ७२ सेंटिमीटर, इथला एक सेंटिमीटर. पुष्कळांना वाटतं, आकडा मोठा म्हणजे वस्तू मोठी. प्रत्यक्षात उलट आहे. सहा फुटी वैमानिक १:७२ मध्ये अडीच सेंटिमीटरचा होतो आणि १:४८ मध्ये पावणेचार सेंटिमीटरचा. एका मापाचा भाग दुसऱ्या मापात न्यायचा असेल तर जुन्या आकड्याला नव्या आकड्यानं भागायचं आणि शंभरानं गुणायचं. ७२ चा ४८ करायचा असेल तर ७२ भागिले ४८, म्हणजे दीडशे टक्के. आमचं १०० भागिले ४००, म्हणजे पंचवीस टक्के.

आता आमची पहिली चूक ऐका. ती माझीच होती. जुने नमुने कागदावर उतरवले आणि झेरॉक्सच्या दुकानात गेलो. म्हटलं, "हे निम्मं करून द्या, आणि जे येईल तेही पुन्हा निम्मं करा." निम्म्याचं निम्मं म्हणजे पाव, असा माझा हिशेब. दुकानदारानं मोठ्या कागदावरचं लहान कागदावर आणलं. मोठा कागद म्हणजे ए-३, लहान म्हणजे ए-४. एकाच्या निम्मा दुसरा असतो, यात काही खोटं नाही. पण तो क्षेत्रफळानं निम्मा असतो. लांबी निम्मी होत नाही, ती ७१ टक्के राहते. दोनदा केलं की ७१ टक्क्यांचे ७१ टक्के, म्हणजे पन्नास. मला हवे होते पंचवीस. आम्ही तशा आठ दरवाज्यांचे तुकडे कापले. नवव्याच्या वेळी एका मुलीनं पट्टी लावली, तेव्हा लक्षात आलं की हे धरण १:२०० चं झालंय. "निम्मं" हा शब्द मापाच्या कामात किती फसवा आहे, ते मला तीस वर्षं शिकवून झाल्यावर कळलं. तेव्हापासून मी निम्मं म्हणत नाही, "लांबी पन्नास टक्के" म्हणतो.

याच गोष्टीची चांगली बाजूही आहे. लांबी चौथाई झाली की पुठ्ठा चौथाई लागत नाही, सोळावा हिस्सा लागतो. कारण रुंदीही चौथाई होते आणि उंचीही. मोठ्या मापाच्या एका दरवाज्याच्या पुठ्ठ्यात लहान मापाचे सोळा दरवाजे बसतात. म्हणजे ३३ दरवाज्यांना जुन्या दोन दरवाज्यांपेक्षा किंचित जास्त पुठ्ठा पुरला. शाळेच्या खर्चाच्या वहीत तो लिहावासुद्धा लागला नाही. आणि जाडीही चौथाई केली असती, तर वजन चौसष्टावा हिस्सा झालं असतं. लांबी, क्षेत्रफळ आणि वजन ही तीन भावंडं एकाच घरातली, पण एका चालीनं चालत नाहीत.

दुसरी चूक एका हुशार मुलाची. गोसीखुर्दचे दरवाजे सपाट नाहीत, वक्र आहेत. वर्तुळाच्या कडेचा एक तुकडा कापून घ्यावा, तसा पाण्याकडचा पत्रा वाकवलेला असतो. त्याच्या मागून पोलादी हात निघतात आणि ते खांबातल्या बिजागरीवर टेकतात. ही बिजागरी त्या वर्तुळाच्या मध्याशी असते. पाण्याचा दाब पत्र्यावर सगळीकडून पडतो, पण तो सगळा मिळून त्या मध्याकडेच जातो. त्यामुळे एवढं पाणी अंगावर घेऊनही दरवाजा वर उचलायला त्या मानानं कमी जोर लागतो. वक्रतेचं मोल हे असं आहे. आमच्या मुलानं सगळ्या लांब्या चारानं भागल्या आणि त्या ओघात हातांमधला कोनही चारानं भागला! साठ अंशांचे पंधरा केले. दरवाजा जोडला, तर तो मिटलेल्या छत्रीसारखा दिसायला लागला. लांबी बदलते, कोन बदलत नाही. म्हणूनच लहान त्रिकोण मोठ्या त्रिकोणासारखा दिसतो. हे पाठ्यपुस्तकात आहे, परीक्षेत मार्कही मिळतात. पण हातात कात्री आली की ते आठवतंच असं नाही.

तिसरी अडचण चुकीची नव्हती, ती सुटणारीच नव्हती. काही भाग लहान करताच येत नाहीत. समजा, खऱ्या दरवाज्याचा पत्रा वीस मिलिमीटर जाड आहे. १:४०० मध्ये त्याची जाडी येते एका मिलिमीटरचा विसावा भाग. आपला झेरॉक्सचा कागद साधारण एक दशांश मिलिमीटरचा असतो. म्हणजे पत्रा कागदाच्या निम्म्यानं पातळ हवा. असा दरवाजा उभा कसा राहणार? आम्ही पाव मिलिमीटरचं कार्ड वापरलं. खऱ्या मापात तो पत्रा दहा सेंटिमीटर जाड झाला. धरणावरच्या कठड्याचंही तेच. बोटभर जाडीचा नळ या मापात केसाहून बारीक. सुतळीतला एक धागा काढून लावून बघितला, तर तो ओंडक्यासारखा दिसला. शेवटी कठडा लावलाच नाही.

प्रतिकृती लहान करताना काही गोष्टी जाड करून ठेवाव्या लागतात आणि काही सोडून द्याव्या लागतात. काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे गणित सांगत नाही. करणारा माणूस ठरवतो. बघणाऱ्याला मात्र वाटतं, की समोर आहे ते सगळं खरंच आहे, फक्त लहान आहे.

चौथी गोष्ट माणसांची. धरण तयार झालं, तर एकानं नागपूरहून आणलेली प्लॅस्टिकची छोटी माणसं काढली. घरांच्या प्रतिकृतींसाठी अशी माणसं, झाडं, मोटारी तयार मिळतात. ती होती १:१०० ची, पावणेदोन सेंटिमीटर उंचीची. आमचा नवा दरवाजा जेमतेम सव्वाचार सेंटिमीटरचा. माणूस त्याच्याजवळ उभा केला, तर दरवाजा अडीच पुरुष उंच दिसू लागला. खरा दरवाजा दहा पुरुष उंच आहे. पुठ्ठ्यातला एक कणही बदलला नव्हता, आणि तरी नुसता माणूस ठेवल्याबरोबर अख्खं धरण पाटाच्या फाटकाएवढं झालं.

मला हे हसण्यावारी नेता येईना. दरवाजे उघडण्याआधी नदीकाठच्या गावांना सावध केलं जातं, भोंगा वाजतो. तरीही लोक पात्रात राहतात. कुणाची जनावरं पलीकडे असतात, कुणाचं जाळं पाण्यात असतं. त्यांच्या मुलांना धरण खेळण्याएवढं दाखवायचं नव्हतं. १:४०० मध्ये माणूस सव्वाचार मिलिमीटरचा हवा. तेवढी माणसं आमच्याजवळ कुठली? तेव्हा एका मुलीनं घरून तांदळाची कणी आणली. आमचा जिल्हा धानाचा, कणी घरोघरी. अख्खा तांदूळ या मापात अडीच मीटरचा राक्षस होतो, कणी मात्र बरोबर बसते. निवडून दहा कण्या घेतल्या, रंगवल्या आणि धरणाच्या माथ्यावर फेविकॉलनं उभ्या केल्या. प्रदर्शनात लोक वाकून बघायचे. "हे काय पांढरं?" विचारायचे. "ही माणसं," असं मुलं सांगायची, आणि मग बघणारा पुन्हा एकदा दरवाज्याकडे बघायचा. मला जे शिकवायचं होतं, ते त्या दुसऱ्यांदा बघण्यात होतं.

मुलांना आता पाणी सोडायचं होतं. एकानं दहा लिटरची बादली मागून ओतली, दोन सेकंदांत रिकामी. सगळे ओरडले, पूर आला! मी म्हटलं, थांबा, हा किती मोठा पूर आहे ते काढू. पाण्याच्या बाबतीत सगळं चारशेनं भागून चालत नाही. विल्यम फ्रूड नावाच्या इंग्रज अभियंत्यानं १८६७ च्या सुमारास तीन, सहा आणि बारा फूट लांबीच्या जहाजांच्या प्रतिकृती पाण्यातून ओढून बघितल्या. त्याला दिसलं, की लहान प्रतिकृतीच्या लाटा मोठ्या प्रतिकृतीसारख्या दिसायला हव्या असतील, तर वेग लांबीच्या वर्गमुळाच्या हिशेबानं कमी करावा लागतो. आमचं माप चारशे, त्याचं वर्गमूळ वीस. म्हणून प्रतिकृतीत पाण्याचा वेग विसावा हिस्सा आणि वेळही विसावा हिस्सा. चोवीस तासांचा पूर आमच्या टेबलावर ७२ मिनिटांचा. आणि विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला जाणारं पाणी, हा चारशेचा वर्ग गुणिले वीस, म्हणजे ३२ लाखावा हिस्सा. आमचं सेकंदाला एक लिटर म्हणजे धरणातून सेकंदाला ३,२०० घनमीटर. मुलानं बादली ओतली ती सेकंदाला पाच लिटर, म्हणजे १६,००० घनमीटरचा महापूर. पण तो टिकला किती? खऱ्या धरणाच्या घड्याळानं चाळीस सेकंद. नदीचा पूर बादलीसारखा येत नाही. तो चढत येतो, दिवस दिवस थांबतो. घरात पाणी दोन दिवस उभं राहिलं होतं, त्या घरातल्या मुलांना हे मी वेगळं सांगायची गरज नव्हती.

दुसरीही एक मर्यादा आहे. पावसाळ्यात बातमी येते, की दरवाजे अर्ध्या मीटरनं उघडले. अर्धा मीटर म्हणजे आमच्याकडे सव्वा मिलिमीटर. तेवढ्या फटीतून पाणी वाहत नाही, कडेला चिकटतं, थेंब धरतं. पाण्याचं हे चिकटणं लहान करता येत नाही, ते मोठ्या धरणात आणि लहान धरणात सारखंच असतं. म्हणून जिथे खरोखर धरणांच्या सांडव्यांचा अभ्यास होतो, तिथल्या प्रतिकृती टेबलावर मावत नाहीत. पुण्याजवळ खडकवासल्याला १९१६ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था आहे, नाशिकला महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे आपली मेरी, १९५९ पासून. तिथे मोठमोठ्या शेडमध्ये आणि उघड्यावर नद्या आणि सांडवे बांधलेले असतात. आमचं टेबल दाखवण्यापुरतं, मोजण्यापुरतं नव्हे. हे आम्ही पाटीवर लिहून ठेवलं.

आता शेवटची गोष्ट. खरं सांगायचं तर बाकी सगळं हिच्यासाठी सांगितलं.

धरणाबरोबर जलाशयही हवा, असं ठरलं. जलाशय पार भंडाऱ्याकडे पसरलेला. धरणाची लांबीच मातीच्या भिंतीसकट सुमारे साडेअकरा किलोमीटर. १:४०० मध्ये नुसती भिंत २८ मीटरची झाली असती. म्हणून जलाशयासाठी आडवं माप घेतलं १:२०,०००. आठ बाय चारच्या प्लायवूडवर सगळं बसलं. पण मग उंची? गोसीखुर्दची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून २४५.५ मीटर आहे. पाणी वापरता येतं ते २४१.२९ मीटरपर्यंत. या दोन पातळ्यांत अंतर फक्त ४.२१ मीटर, एका दुमजली घराहूनही कमी. आणि तेवढ्यात मावतं ७४ कोटी घनमीटर पाणी. एकूण साठा ११४.६ कोटी घनमीटर, त्यातला बराच मोठा भाग या सव्वाचार मीटरच्या थरात. आपला भाग सपाट आहे, म्हणून पाणी उंच न चढता आडवं पसरलं. म्हणूनच एवढी गावं त्यात आली.

१:२०,००० मध्ये सव्वाचार मीटर म्हणजे एका मिलिमीटरचा पाचवा भाग. ते दिसणार कसं? तेव्हा आम्ही उभं माप वेगळं धरलं, १:४००. म्हणजे उंची पन्नास पटीनं वाढवून दाखवली. यात गैर काही नाही. १८८५ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी इंग्लंडमधल्या मर्सी नदीच्या मुखाची प्रतिकृती केली, तेव्हा आडवं माप १:३१,८०० आणि उभं १:९६० धरलं होतं. एरवी नदीची खोली कागदाएवढी झाली असती. नकाशे, प्रतिकृती करणारे लोक आजही असं करतात. सव्वाचार मीटर आमच्याकडे एक सेंटिमीटर झाले. निळा रंग छान दिसू लागला. गावं टेकाडांवर बसवली.

प्रदर्शनाला एका विद्यार्थिनीची आजी आली होती. बुडीत क्षेत्रातलं गाव सोडून नवीन गावठाणात राहायला गेलेली. नातीनं तिला बोट धरून फळीजवळ आणलं आणि गाव दाखवलं. आजी बराच वेळ बघत राहिली. मग मला म्हणाली, "गुरुजी, आमचा गाव येवढा उंच कोठी होता गा? येवढा उंच असता, त बुडला कायले असता?"

मी उत्तर द्यायला गेलो आणि थांबलो. आमच्या फळीवर तिचं गाव उंच टेकडीवर होतं, पाणी खोल दरीत. बाहेरच्या कुणी बघितलं असतं तर त्याला वाटलं असतं, की हे लोक डोंगराच्या कडेवर राहत होते, खाली तळं झालं, यांचं काय गेलं? जमीन उंच दाखवली ती पाणी दिसावं म्हणून, पण त्यात जमिनीचा सपाटपणा गेला. तिची धानाची बांधी, घराचं अंगण, नदी, सगळं जवळजवळ एका पातळीवर होतं. तेच नेमकं आमच्या मापात नाहीसं झालं होतं. आणि तिचं घर? दहा मीटरचं घर या फळीवर अर्ध्या मिलिमीटरचं. सुईच्या टोकानं ठिपका दिला असता, तर मावलं असतं. आम्ही तोही दिला नव्हता.

टेबलावर झेरॉक्सचे कागद पडले होते. त्यातले दोन उचलले, एकावर एक ठेवले आणि तिच्या हातात दिले. म्हटलं, "आजी, फळीचं माप खरं धरलं, तर सगळं वापराचं पाणी एवढ्याच जाडीत आहे. तुमचं गाव या दोन कागदांच्या आत होतं." तिनं दोन्ही कागद चिमटीत धरून बघितले, बोटं घासून बघितली. म्हणाली, "हं. येवढाच होता."

दुसऱ्या दिवशी आम्ही फळीला एक पाटी लावली. आडवं माप १:२०,०००. उभं माप १:४००, म्हणजे उंची पन्नास पट वाढवली आहे. त्याच्याखाली दोन कागद टाचले आणि लिहिलं, की खऱ्या प्रमाणात पाण्याची उंची एवढी. आजीच्या नातीनं गावाच्या जागी सुईनं ठिपका दिला. मग इतर मुलं आपापल्या घरच्यांना विचारून आली आणि त्यांनीही ठिपके दिले. त्या दिवशी फळीजवळ जितकी गर्दी होती, तितकी धरणाजवळ नव्हती.

मी आता निवृत्त आहे. पण कुठेही प्रतिकृती दिसली की तीन गोष्टी बघतो. आडवं माप किती, उभं माप किती, आणि माणूस त्याच मापाचा आहे का. तुम्हीही बघा. घरबांधणीच्या योजनेची प्रतिकृती काचेच्या पेटीत ठेवलेली असते. तिच्यात मोटारी आणि माणसं लहान मापाची ठेवली, की आवार मोठं दिसतं आणि रस्ता रुंद. रस्ते, धरणं, कारखाने यांच्या प्रतिकृती लोकांपुढे मांडल्या जातात, तेव्हा विचारायला लाजू नका. यात काय वाढवलंय? काय सोडलंय? ज्यानं केलं त्याला ते ठाऊक असतं, आणि चांगला कारागीर ते लपवत नाही.

आमच्या शाळेच्या पेटीत आता पाचाच्या जागी ३३ दरवाजे आहेत, आणि एका काडेपेटीत दहा कण्या. पेटीच्या झाकणावर आतून माप लिहिलं आहे. त्याच्याखाली मुलांनी आपणहून एक ओळ घातली आहे: "कण्या हरवू नयेत. हरवल्यास घरून आणाव्यात."

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)